दोघींच्या मधली लोकर

काही लोक म्हणतात, सूत कातणं म्हणजे मन शांत करायचा उपाय. त्यांनी आमच्या जाऊबाईंना कातताना बघितलेलं नाही. जाऊबाई कातायला बसल्या की खोलीत मोठ्याने श्वास घ्यायची चोरी. दार वाजवायचं नाही, खिडकीपाशी उभं राहून उजेड अडवायचा नाही, आणि माझ्यासारखीने तर तोंडच उघडायचं नाही. उघडलं तर म्हणायच्या, "धाकटे, आधी तोंड मिट. लोकरीत थुंकी उडते." अशा बाईबद्दल मी सांगायला बसलेय, आणि तेही डोळ्यांत पाणी आणून. कोणी हसलं तर हसो. ह्या जन्मात मला सगळ्यात जास्त ज्या माणसाने दिलं ते माणूस म्हणजे ही बाई. त्यांच्या तोंडावर हे बोलायची माझी टाप नाही, म्हणून इथे बोलून घेते.

जाऊबाई म्हणजे माझ्या थोरल्या दिरांच्या पत्नी. खालच्या मजल्यावर त्या, वरच्या मजल्यावर आम्ही दोघं. आमच्या ह्यांचं कोपऱ्यावर सायकल दुरुस्तीचं दुकान. मी गल्लीच्या टोकाला धुलाईच्या कारखान्यात. हॉस्पिटलच्या चादरी, हॉटेलांचे टॉवेल, डोंगरच्या डोंगर धुवायचे, पिळायचे आणि वाफेच्या इस्त्रीखालून काढायचे. मशिनांच्या घरघराटात बोलून बोलून माझा आवाज मोठा झालाय, असं मी म्हणते. तो आधीपासूनच तसा होता, असं जाऊबाई म्हणतात.

त्यांची खोली रस्त्याच्या बाजूची. खिडकीला लागून चरखा, पायाने चालवायचा. शिलाई मशीनला असते तशी खाली फळी, बाजूला मोठं चाक, वर सूत गुंडाळून घेणारं रीळ. दारामागे लोकरीचं पोतं. आत पाऊल टाकलं की मेंढीच्या अंगचा तेलकट वास नाकात शिरायचा. नवीन माणूस नाक मुरडायचा, आम्हाला मात्र तो घराचाच वास. त्या तेलाने जाऊबाईंचे हात असे मऊ राहिलेले, की साबणसोड्याने सोललेले माझे हात त्यांच्या शेजारी ठेवायची मला लाज वाटायची.

ही विद्या त्यांच्या माहेरची. वडील लोकरीच्या गोदामात लोकर निवडायचे. आई लहानपणीच गेलेली, मग पोरीला ठेवणार कुठे? ती दिवसभर पोत्यांवर. खांद्यावरची लोकर कुठली आणि मांडीवरची कुठली, हे ती पाटीवर अक्षर काढायच्या आधी बोटांनी ओळखायला शिकली. कातायला शिकवलं तिथल्याच एका हमालाच्या बायकोने. लग्न होऊन आल्या तेव्हा बरोबर कपड्यांची एक पेटी आणि हा चरखा. सासूबाई दारातच म्हणाल्या होत्या म्हणे, "सून आणली का कारखाना आणला?" जाऊबाईंनी चरखा ठेवायला उजेडाची जागा कुठली, तेवढं विचारलं.

लोकर म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे कापसासारखं फुगलेलं काहीतरी येतं. ती आखूड केसाची लोकर. जाऊबाई हात लावायच्या ती लांब केसाच्या मेंढीची. तिची एकेक बट चांगली वीतभर लांब, नागमोडी, उजेडात धरली तर रेशमासारखी चमकणारी. ही पिंजायची नसते, विंचरायची असते. लोखंडी दातांच्या दोन फण्या घ्यायच्या, एकीवर बटा अडकवायच्या, दुसरीने विंचरत राहायचं. आखूड केस, गाठी, काडीकचरा फणीत मागे राहतो आणि लांब केस सगळे एका दिशेला होऊन त्यांचा पेळू निघतो. मग तो कातायचा. पीळ बेताचाच द्यायचा, कारण केसच इतका लांब की शेजारच्याला धरून राहायला त्याला फार पिळावं लागत नाही. पीळ जास्त झाला तर सुताचं सुंभ. जाऊबाईंचं सूत गुळगुळीत, तकतकीत, बोटातून नुसतं पाण्यासारखं जायचं. पलीकडच्या गल्लीत एका जुन्या गॅरेजात माग टाकून बसलेला विणकर आहे, गोल चेहऱ्याचा, महाबडबड्या. त्यांचं सगळं सूत तो घ्यायचा आणि जाड शाली विणायचा. म्हणायचा, "वहिनींच्या सुताची शाल फाटायला दोन पिढ्या लागतात. गिऱ्हाईक पुन्हा फिरकत नाही. माझ्या धंद्याचं वाटोळं केलंय ह्यांनी."

आता मला काय दिलं ते ऐका. मला मुलगी झाली आणि सासूबाईंनी (तेव्हा त्या हयात होत्या) फर्मान काढलं, कारखाना बंद. "लेकरू सांभाळायचं सोडून जगाच्या चादरी कसल्या धुतेस?" मी बाहेर वाघीण असले तरी सासूबाईंपुढे मांजर. खाली मान घालून रडत उभी. मला ते काम हवं होतं हो. तिथे माझ्या मैत्रिणी होत्या, माझी जागा होती, तिथे मला कोणी अमक्याची सून म्हणत नव्हतं. जाऊबाई कातत बसल्या होत्या. त्यांनी मान वर केली नाही, पाय थांबवला नाही. म्हणाल्या, "ती जाईल कामाला. पोर माझ्यापाशी राहील."

"आणि तुझं कातणं?"

"टोपली शेजारी ठेवीन. चाकाच्या आवाजाने झोपेल."

झालं, विषय संपला. सासूबाई त्यांना वचकून होत्या. आणि पोरगी खरंच त्या आवाजाला झोपायची, पण चाक थांबलं की टक्क जागी होऊन घर डोक्यावर घ्यायची. त्यामुळे जाऊबाईंना मध्ये उठून चहा प्यायचीही सोय राहिली नाही. "तुझ्या लेकीने मला वेठीला धरलंय," असं त्या रोज संध्याकाळी ऐकवायच्या, आणि पोरीला माझ्याकडे देताना तिचं टोपडं मात्र दहादा नीट करायच्या. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. त्याबद्दल त्या कधी बोलल्या नाहीत, मी कधी विचारलं नाही. एकदा मी धीर करून म्हटलं, "जाऊबाई, तुमचे उपकार कसे फेडू?" तर म्हणाल्या, "उपकार कसले? चरखा चालतच होता." आज ती पोर शिकून सवरून दूर गावी नोकरीला आहे. ती फोन करते तेव्हा आधी विचारते, मोठी आई कशी आहे. माझी चौकशी नंतर. मला त्याचं वाईट वाटत नाही.

थोरले दीर गेले तेव्हा भेटायला आलेल्या बायका रडायच्या आणि जाऊबाई त्यांना पाणी आणून द्यायच्या. लोक म्हणाले, काळीज दगडाचं आहे. मी त्या दिवसांतलं सूत बघितलंय. सगळं करकचून पिळलेलं. त्यांनी ते विणकराला दिलं नाही आणि टाकूनही दिलं नाही. मी समजायचं ते समजले.

तर अशी बाई. आणि गेल्या हिवाळ्यात एका सकाळी खालून चाकाचा आवाज आला नाही.

मी खाली धावले. जाऊबाई पलंगाशेजारी जमिनीवर, डोळे उघडे, तोंड एका बाजूला ओढलेलं. ह्यांनी रिक्षा आणली, आम्ही दोघांनी उचलून घातलं. ज्या हॉस्पिटलच्या चादरी मी धुते त्याच हॉस्पिटलात, त्याच चादरीवर त्या झोपलेल्या, आणि मी वेड्यासारखी चादरीचा कोपरा चाचपून बघतेय, नीट धुतलीय ना. तिथल्या डॉक्टरांचं, नर्सबाईंचं भलं होवो. त्यांनी जीव वाचवला. तोंड हळूहळू सरळ झालं, बोलणं परत आलं, पाय काठीच्या आधाराने पडू लागला. डावा हात तेवढा आला नाही. बोटं मिटलेली ती मिटलेलीच. डॉक्टर स्वभावाने गोड पण बोलायला स्पष्ट. म्हणाले, ह्या हाताची आता फार आशा धरू नका.

कातायला दोन हात लागतात. मागचा हात लोकर धरतो आणि बेताबेताने सोडतो, पुढचा हात ती ओढतो. जाऊबाईंचा उजवा धरणारा, डावा ओढणारा. म्हणजे ओढणारा गेला.

घरी आणल्यावर त्या भिंतीकडे तोंड करून निजल्या. "दूध घेता?" "नको." "उशी देऊ?" "हं." बस्स. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी रबरी चेंडू हातात द्यायची, त्या तो खाली पडू द्यायच्या. मी आपली बडबडतेय, कारखान्यातल्या भानगडी सांगतेय, मुद्दाम उजेड अडवून उभी राहतेय, की निदान ओरडतील. छे! एका दुपारी मात्र त्या आपणहून बोलल्या. "चरखा देऊन टाक. हस्तकला केंद्रातल्या बाई कधीच्या मागत होत्या. त्यांना निरोप धाड." आणि परत भिंत.

थोरल्या माणसाने सांगितलं, निरोप द्यायलाच हवा. दिला. केंद्रातल्या बाई मनाने चांगल्या. हळहळल्या, मग म्हणाल्या, नवीन वर्ग सुरू होईल तेव्हा टेम्पो पाठवू, तोवर राहू दे. मी घरी येऊन ह्यांच्यापुढे हमसून हमसून रडले. मला त्या लाकडाचं काय हो? पण चरखा त्या दारातून बाहेर पडला असता तर त्याच्या मागोमाग जाऊबाईही गेल्या असत्या, आज ना उद्या. हे मला कोणा डॉक्टरने सांगायला नको होतं. ह्यांनी खाली जाऊन चाकाची दोरी काढली आणि खिशात घातली. टेम्पो आला तर सांगायचं, दुरुस्तीला आहे.

"काय बिघडलंय म्हणून सांगणार?"

"बेअरिंग गेलंय म्हणेन."

"चरख्याला बेअरिंग असतं का?"

"ह्याला होतं. म्हणूनच तर गेलं."

असा माझा नवरा. हसावं का रडावं कळेना.

इकडे विणकराच्या मागावर अर्धी शाल अडकलेली, जाऊबाईंच्या सुताची. मी त्याला म्हटलं, दुसरं सूत घालून पुरी करून टाका, माग अडवून ठेवू नका. तर म्हणतो, "धाकट्या वहिनी, माणसाचं अर्धं अंग एकाचं आणि अर्धं दुसऱ्याचं असतं का?" आणि एवढा मोठा माग तसाच झाकून ठेवून तो कोपऱ्यातल्या छोट्या मागावर पट्ट्या विणत बसला. त्याच्या पोटावर पाय येत होता, मला दिसत होतं. जाऊबाईंना भेटायला यायचा तेव्हा सगळ्या जगाच्या गोष्टी करायचा, शालीचं नाव काढायचा नाही.

मग माझ्या मनाने घेतलं, की अर्ध्या शालीचं सूत आपणच कातायचं. उंटावरून शेळ्या हाकण्यापेक्षा बरं. विंचरायची हमाली जाऊबाई मला वर्षानुवर्षं करायला लावायच्या, त्यामुळे पेळू मला जमत होते. सुटीचा दिवस होता. ह्यांच्याकडून दोरी मागून घेतली, चाकाला लावली, आणि बसले. जाऊबाई भिंतीकडे तोंड करून.

चाक फिरलं. मी लोकर ओढली. हलेना. जोर लावला. हलेना. दाव्याला बांधलेलं गाढव पाय रोवून उभं राहावं तसं. मी दात खाऊन ओढते आणि लोकर जास्तच घट्ट होते. मग माझं टाळकं सटकलं. आधी चरख्याला शिव्या दिल्या, मग मेंढीला, मग मेंढीच्या आईला.

पाठीमागे पलंग करकरला.

"गाढवे!"

जाऊबाई उजव्या कोपरावर रेटून उठल्या होत्या. केस विस्कटलेले, डोळे लाल. "एकाच केसाची दोन्ही टोकं धरून बसलीयस दोन हातांत, आणि ओढतेस कुणाला? स्वतःलाच? हात लांब घे. केसाच्या लांबीहून लांब. इतकी वर्षं डोळे काय चादरीत गुंडाळून ठेवले होतेस?"

बघा, गोष्ट किती साधी. केस वीतभर. दोन हात त्याहून जवळ धरले तर दोन्ही हातांत तोच केस. मग कितीही जोर लावा, आपणच ओढायचं आणि आपणच धरून ठेवायचं. हात लांब घेतले की एका हातातला केस सुटतो आणि निमूट पुढे जातो.

पण मला तेव्हा केसाची कुठली पर्वा! मी जिना चढून वर धावले. "अहो, अहो! जाऊबाईंनी मला गाढव म्हटलं!" हे दाढी करत होते. तोंडाला साबण तसाच. "खरंच? नीट म्हणाल्या? सगळं?" म्हटलं, "अगदी स्वच्छ. वर डोळे चादरीत गुंडाळले होते का म्हणून विचारलं." हे मटकन खुर्चीवर बसले आणि साबणाच्या तोंडाने रडायला लागले. वहिनींनी त्यांनाही लहानाचं मोठं केलेलं. शिवी खाऊन एवढा आनंद झालेलं घर दुसरं नसेल.

दुसऱ्या दिवसापासून जाऊबाई खुर्चीत बसू लागल्या, चरख्याच्या उजव्या अंगाला. मला शिकवायला म्हणून. शिकवणं कसलं, जमदग्नीचा अवतार. "लोकर आहे ती, चादर नाही पिळायची!" माझे हात पिळायला शिकलेले, त्यांना सोडायला कुठून येणार? उजवा सैल केला की डावा सैल, डावा घट्ट की उजवा घट्ट. दोन्ही हातांना वेगवेगळी अक्कल पाहिजे, आणि माझ्या दोन्ही हातांत मिळून एकच. मी ओढत होते आणि मला दिसत होतं, त्यांचा उजवा हात मांडीवर आपोआप हलतोय. मिटतोय, उघडतोय. धरतोय, सोडतोय. रिकामाच.

एका दुपारी मी पुन्हा गुठळी केली आणि त्यांचा संयम सुटला. पुढे वाकल्या आणि माझ्या उजव्या हातातला पेळू त्यांनी सरळ हिसकावून घेतला.

"दे इकडे! तू नुसती ओढ."

मी डाव्या हाताने ओढलं. आणि सूत आलं. मी बघतच राहिले. त्याही बघत राहिल्या.

"थांबलीस का? ओढ. थोडंच. आता बोटं मागे सरकव, पीळ आत येऊ दे. हं. पुन्हा."

त्यांनी आपला उजवा पाय माझ्या पायाला ढोसून फळीवरून माझा पाय बाजूला केला आणि चाक स्वतः चालवायला घेतलं. त्या धरतायत, मी ओढतेय. त्या सोडतायत, मी नेतेय. आखूड लोकर असती तर हे स्वप्नातही जमलं नसतं. तिथे दोन हात बोटाबोटाच्या अंतरावर लागतात, आमची डोकीच आपटली असती एकमेकींवर. ह्या लोकरीला दोन हातांच्या मध्ये वीतभर जागा लागतेच, आणि तेवढ्या जागेत दोन बायका मावतात. त्या कधी धरतात आणि कधी सोडतात, हे मला बघावं लागेना. ते लोकरीतून माझ्या बोटांना कळायला लागलं.

तसं काही लगेच गोडीगुलाबीने चाललं असं समजू नका.

"ओढतेस का दावं तोडतेस?"

"तुम्ही सोडतच नाही!"

"तू मागतेस कुठे? हिसकावतेस."

रस्त्याने जाणारे खिडकीत डोकावून बघायचे. हे दुकानातून येता-जाता थांबायचे आणि म्हणायचे, "जावाजावांचा हेवादावा ऐकला होता, एक धागा दोघी जावा कातताना पहिल्यांदा बघतोय. फोटो काढून ठेवतो, नाहीतर लोक मला खोटं पाडतील." जाऊबाई म्हणायच्या, "उजेड सोड." पण त्या दिवसांत त्या स्वतःहून जेवण मागायला लागल्या. रबरी चेंडू मात्र त्यांनी काही उचलला नाही. तो मीच उचलून ठेवायची.

पहिली लड झाली. मी ती धुऊन, वाळवून, मिरवत विणकराकडे नेली. त्याने बोटांतून फिरवली, उजेडाकडे धरली, आणि तो माणूस आयुष्यात पहिल्यांदा गप्प झाला. संध्याकाळी स्वतः लड घेऊन जाऊबाईंपुढे उभा. "वहिनी, रागावू नका. हे नाही चालणार. जागोजागी जाड-बारीक आहे, शालीत पट्टे उठतील." मला वाटलं, ह्याच्या नरडीचा घोट घ्यावा. एवढ्या आजारी बाईला असं सांगतात? जाऊबाईंनी हात पुढे केला, लड घेतली, अंगठ्याखालून सावकाश सरकवली. "बरोबर आहे तुझं," म्हणाल्या. तो गेल्यावर मी फणफणले तर मलाच गप्प केलं. "कीव करून ठेवून घेतलं असतं ना त्याने, तर मी पुन्हा ह्या खुर्चीत बसले नसते. चल, पेळू घे."

दुसरी लडही परत आली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही, जाऊबाई मात्र आंबट चेहऱ्याने का होईना, जेवल्या. तिसरी लड विणकराने दोनदा फिरवून बघितली, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "काठाला चालेल." मी हा निरोप आणला तशा जाऊबाईंच्या नाकपुड्या फुगल्या. "काठाला! काठाला म्हणे! अंगाला आलं नाही तर नाव नाही सांगणार." आणि तेव्हाच्या तेव्हा चौथी सुरू.

ह्या सगळ्या गडबडीत केंद्रातल्या बाईंना दिलेला निरोप बाजूलाच पडला होता. जाऊबाईंनी तो मागे घेतला नव्हता आणि मला आठवण करायचीही भीती वाटत होती. एका दुपारी मी कामावरून नुकती आले होते, हात अजून पाण्याने सुजलेले, तेवढ्यात दारात टेम्पोचा भोंगा वाजला. केंद्रातल्या बाई आत आल्या, मागे ड्रायव्हर, हातात जुनी सतरंजी, चरख्याला ओरखडा येऊ नये म्हणून. एवढी काळजी घेणाऱ्या बाईंवर रागवायचं तरी कसं? दोरी चाकाला, रिळावर अर्धं सूत, "दुरुस्तीला आहे" म्हणायचीही सोय राहिली नव्हती. हे दुकानात.

"मावशी," बाई जाऊबाईंशेजारी वाकून म्हणाल्या, "अगदी जपू आम्ही. मुली ह्याच्यावर शिकतील." मग त्यांना रिळावरचं सूत दिसलं. चेहरा उजळला. "अगंबाई, म्हणजे हात आला का?"

जाऊबाईंनी मांडीवरच्या डाव्या हाताकडे पाहिलं. "हा? नाही. हा गेला."

बाई गोंधळल्या. "मग आता तुम्ही कातणार कशा?"

जाऊबाईंनी आपला उजवा हात लांब केला आणि माझं मनगट पकडलं. घट्ट. आणि ते बाईंच्या डोळ्यांपुढे उचलून धरलं, माझा तो सुजलेला, सोललेला, साबणाच्या वासाचा हात.

"हा माझा हात," म्हणाल्या. "आधीचा शहाणा होता. हा वटवट फार करतो. पण हा आहे मला. चरखा नाही देता येणार, बाई. तुम्हाला उगाच हेलपाटा पडला. चहा घेऊन जा."

मला पुढचं दिसेना. पाणी गालावरून घळाघळा हनुवटीवर, हनुवटीवरून हातावर. जाऊबाईंनी मनगट सोडलं नव्हतं.

"रडतेस काय, धाकटे? हात ओला केलास. ओल्या हाताला लोकर चिकटते."

मी पदराने हात कोरडा केला आणि चरख्यापुढे बसले.